पत्ता विचारणारी शाळा

महाराष्ट्रातली सगळी शाळाबाह्य मुलं ४ जुलै २०१५ या एका दिवसात मोजून काढायची, असं राज्य सरकारने ठरवलं. शिक्षक आणि अंगणवाडी सेविका वस्त्यांत, एसटी स्टँडांवर, रेल्वे स्थानकांत आणि सिग्नलवर फिरले. एकच मूल दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावली गेली. आकडा निघाला पन्नास हजारांच्या आसपास. या मुलांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा त्यावर विश्वास बसला नाही, आणि बसावा तरी कसा? जुलैत ऊसतोड कामगार गावी परतलेले असतात, वीटभट्ट्या पावसामुळे बंद असतात. जी मुलं वर्षातले पाच-सहा महिने शाळेबाहेर काढतात, त्यांना शोधायला सरकार निघालं ते नेमकं ती घरी असतात त्या आठवड्यात.

आकडा लहान असला की त्याला साजेसं स्पष्टीकरणही सोपं लागतं, आणि ते तयारच असतं. कायदा झाला आहे. शाळा फुकट, पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, दुपारी खिचडी. दार सताड उघडं आहे. एवढं करूनही रस्त्यावरचं, पालावरचं, फडावरचं मूल येत नसेल तर दोष आईबापांचा. त्यांना पोरांच्या कमाईचा मोह सुटत नाही. आणि मग उपाय: उचला आणि ठेवा एखाद्या वसतिगृहात. शिक्षकांच्या खोलीपासून वर्तमानपत्रांतल्या वाचकांच्या पत्रांपर्यंत हा युक्तिवाद ऐकू येतो. तो करणारी माणसं दुष्ट नसतात. पुष्कळदा ती कष्टाळू असतात, या मुलांसाठी पदरमोड करणारीही असतात. पण युक्तिवाद चुकीचा आहे आणि त्याची प्रत्येक पायरी तपासण्यासारखी आहे.

दारापासूनच सुरुवात करू. १ एप्रिल २०१० रोजी लागू झालेला शिक्षण हक्क कायदा कागदावर खरोखरच उदार आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्ष निम्मं सरलं म्हणूनही नाही. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, हे प्रवेश अडवायचं कारण होऊ शकत नाही. उलट दाखला द्यायला टाळाटाळ करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. नवव्या कलमात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं. एवढं वाचून दार उघडं आहे असं कुणाला वाटलं तर नवल नाही.

पण शाळा चालते ती कायद्याच्या पुस्तकावर नव्हे, संच मान्यतेवर. कोणत्या शाळेत किती शिक्षक राहतील हे पटावरून ठरतं, आणि तो पट धरला जातो ३० सप्टेंबरचा. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एक भर पडली: ज्यांचं आधार वैध ठरलं आहे तेच विद्यार्थी संच मान्यतेसाठी धरायचे, असं धोरण शिक्षण विभागाने आणलं. आता एका मुख्याध्यापकाच्या जागी बसून पाहावं. डिसेंबरात फडावरून दहा-बारा मुलं दारात येतात. दाखला नाही, काहींचं आधार नाही, काहींच्या आधारावर नावाची किंवा जन्मतारखेची गफलत. ही मुलं ३० सप्टेंबरला इथे नव्हती, त्यामुळे त्यांच्यासाठी शिक्षक मिळणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये ती निघून जाणार, म्हणजे पुढच्या सप्टेंबरच्या मोजणीतही नसणार. त्यांना घेतल्याबद्दल शाळेच्या पदरात काहीच पडत नाही. न घेतल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही.

तिकडे बीड, जालना किंवा परभणीतल्या मूळ गावच्या शाळेचं गणित याच्या बरोबर उलट. सप्टेंबरात मूल पटावर आहे, त्याच्या नावावर शिक्षकाचं पद टिकलेलं आहे. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाचा ट्रक येतो आणि मूल आईबापांबरोबर कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा थेट कर्नाटकात जातं. त्याचा दाखला देऊन टाकणं म्हणजे पट घटवणं आणि शिक्षक अतिरिक्त ठरण्याची टांगती तलवार ओढवून घेणं. कोण देईल? नाव इथे, मूल तिथे, अशी ही व्यवस्था सगळ्यांना सोयीची आहे. गैरसोय एकट्या त्या मुलाची होते, आणि त्याला संच मान्यता म्हणजे काय हे माहीत नसतं.

यात कुणा एका मुख्याध्यापकाला झोडपण्यात अर्थ नाही. नियम जसे आहेत तसेच लोक वागतात.

शहरातही पत्त्याचं प्रस्थ कमी नाही. खाजगी शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखीव आहेत. त्यांचा प्रवेश ऑनलाइन होतो आणि घर ते शाळा हे अंतर त्यात निर्णायक असतं. नकाशावर घराची खूण करायची, रहिवासाचा पुरावा जोडायचा. भाड्याने राहत असाल तर करार नोंदणीकृत हवा. वंचितांसाठी काढलेल्या जागांची पहिली चाळणी ही अशी. उड्डाणपुलाच्या खांबाशी संसार मांडलेल्या बाईने खूण कुठे करायची? २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख आणि एकट्या बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार माणसं बेघर म्हणून नोंदली गेली. ज्यांच्या नावापुढे घरच नाही असं सरकारने स्वतः लिहून ठेवलं, त्यांच्याकडेच सरकारी संकेतस्थळ विजेचं बिल मागतं.

आता आईबापांकडे वळू. 'त्यांनाच नको आहे' हे विधान इतक्या सहज केलं जातं की त्याला पुरावा लागतो हेही कुणाच्या लक्षात येत नाही. टाटा समाजविज्ञान संस्था आणि ॲक्शनएड यांनी मुंबईतल्या रस्त्यावरच्या मुलांची गणती केली. तिचा अहवाल २०१३ मध्ये आला आणि ३७ हजारांवर मुलं मोजली गेली. त्यातली बहुतेक मुलं पळून आलेली किंवा अनाथ नव्हती, ती कुटुंबासोबत राहणारी होती. म्हणजे या मुलांना आई आहे, बाप आहे, त्यांच्या जेवणाची आणि झोपण्याची काळजी करणारं माणूस आहे. नाही ते छप्पर.

मूल कामाला का जुंपलं जातं हेही जवळून पाहायला हवं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो आणि उचल त्या जोडीच्या नावावर असते. पहाटे दोघंही फडात जातात. कोपीवर तान्हं पोर असतं, त्याच्या वरचं रांगतं असतं. त्यांना सांभाळायला कोण? नऊ-दहा वर्षांची थोरली. तिच्या शाळेआड कमाईचा मोह येत नाही, पाळणाघर नसणं येतं. ही गोष्ट १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत, गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर मजुरांची पोरं मातीत लोळताना पाहिली तेव्हा ओळखली होती. त्यांनी 'मोबाइल क्रेशेस' सुरू केली. पुढे ती मुंबई-पुण्यातल्या बांधकामांवरही आली. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे पाळणाघराची तरतूद झाली. ऊसतोडीच्या फडावर मात्र पन्नासांचा जमाव एका जागी क्वचितच असतो. टोळ्या विखुरलेल्या असतात, आणि मजूर नेमका कुणाचा, कारखान्याचा की मुकादमाचा, या प्रश्नावर अंगाला तेल लावून बसलेले सगळे पक्ष पिढ्यानपिढ्या निसटत आले आहेत.

शाळा जवळ गेली की काय होतं याचे पुरावे महाराष्ट्रात आहेत. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर नव्वदच्या दशकात भोंगाशाळा काढल्या. 'जनार्थ' या संस्थेने साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांच्या 'डोअर स्टेप स्कूल'ने १९९८ मध्ये बसमध्येच वर्ग थाटला आणि तो मुंबईच्या फूटपाथांपाशी नेऊन उभा केला. मुलं आली. आईबापांनी पाठवली. ज्यांना शिक्षण नको आहे असं सांगितलं जातं, त्याच लोकांनी.

ठाण्याच्या तीन हात नाक्यावरची सिग्नल शाळा तर या वादातला सर्वांत बोलका दाखला आहे. जून २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महानगरपालिका यांनी उड्डाणपुलाखाली, मालवाहू कंटेनरमध्ये ती सुरू केली. सिग्नलवर गजरे आणि खेळणी विकणारी ही मुलं बहुतांश मराठवाड्यातून आलेल्या पारधी कुटुंबांतली. दिवस सुरू होतो आंघोळीने. मग स्वच्छ गणवेश, खाणं, आणि त्यानंतर धडा. कुटुंबाला कुठेही हलायला सांगितलं नाही, शाळाच त्यांच्यापाशी आली. त्या कंटेनरांतून मुलं दहावी झाली, पुढच्या शिक्षणाला गेली. 'मोह सुटत नाही' म्हणणाऱ्यांनी एकदा तीन हात नाक्याला सिग्नल लाल असताना डावीकडे-उजवीकडे बघावं.

आणि इथे एक अडचण उभी राहते, ती टाळून पुढे जाता येत नाही. बेघर मुलांसाठी वेगळी शाळा हीच जर वाट असेल, तर उद्या प्रत्येक पुलाखाली एक कंटेनर आणि नेहमीच्या शाळेची सुटका, असं होणार नाही कशावरून? अमेरिकेने हा प्रश्न आपल्याआधी भोगला आहे. ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये थॉमस जे. पॅपस या नावाची, खास बेघर मुलांसाठीची शाळा होती. कपडे, दवाखाना, जेवण सगळं एका छपराखाली; देणगीदार आणि वार्ताहर तिच्या प्रेमात. पण २००१ मध्ये काँग्रेसने बेघर विद्यार्थ्यांविषयीचा कायदा सुधारताना वेगळ्या शाळा काढायला मनाई केली. फक्त चार परगण्यांतल्या आधीच्या शाळांना सूट दिली, त्यात पॅपस होती. मुलांना गावाच्या मुख्य प्रवाहातून वेगळं काढल्याबद्दल तिच्यावर टीका होत राहिली आणि २००८ मध्ये ती बंद झाली.

यावरून सिग्नल शाळाही बंद करा असं म्हणणं शहाणपणाचं नाही. महाराष्ट्रात नेमकी तीच घाई झाली होती. शिक्षण हक्क कायदा आल्यावर प्रत्येक मूल नियमित शाळेतच हवं या न्यायाने साखरशाळांसारखी केंद्रं अनौपचारिक, म्हणून अवैध ठरली. मुलांना जवळच्या झेडपी शाळेत घाला असा हुकूम निघाला, आणि झेडपी शाळेची स्थिती काय ती वर सांगितलीच आहे. तत्त्व बरोबर होतं, पण पर्यायी पूल बांधण्याआधी जुना साकव तोडला गेला. सिग्नल शाळा हवी, पण पोचवणारी वाट म्हणून. तिथून मूल गावातल्या साध्या शाळेत कधी आणि कसं जाणार, तिथे त्याच्या बाकावर कोण बसणार, याचं उत्तर महानगरपालिकेने द्यायचं आहे. ते उत्तर द्यायचं काम एखाद्या स्वयंसेवी संस्थेवर ढकलून मोकळं होता येत नाही.

वसतिगृहवाल्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. लांबच्या स्थलांतरात मूल गावी राहिलं तर शाळा टिकते, हे कोण नाकारेल? हंगामी वसतिगृहांची योजना त्यासाठीच आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहं जाहीर झाली. पण हंगामी वसतिगृहाला मंजुरी मिळेपर्यंत ट्रक निघून गेलेला असतो, ही तक्रार मराठवाड्यात वर्षानुवर्षं होते आहे. आणि जिथे लोकांनी स्वतःच वसतिगृह उभारलं तिथे सरकारने काय केलं, तेही आठवावं. फासेपारधी समाजातले झेडपी शिक्षक मतीन भोसले यांनी नोकरी सोडली, स्टेशनांवर भीक मागणारी मुलं गोळा केली आणि २०१२ च्या सुमारास अमरावती जिल्ह्यातल्या मंगरूळ चवाळा इथे 'प्रश्नचिन्ह' ही निवासी शाळा उभी केली. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या आखणीत तिच्या वर्गखोल्या आणि ग्रंथालय आलं. ते पाडलं गेलं. मुलांना वसतिगृहात टाका म्हणणाऱ्या राज्यात, असलेल्या वसतिगृहाच्या अंगणातून सहापदरी रस्ता वळवायला कुणाला जमलं नाही.

अमेरिकेचं नाव निघालंच आहे, तर 'त्यांच्याकडे पैसा आहे' हे ठरलेलं उत्तरही तपासून घेऊ. मॅकिनी-व्हेंटो कायदा १९८७ चा, रीगन यांच्या सहीचा; एका रिपब्लिकन आणि एका डेमोक्रॅट खासदाराच्या नावाने ओळखला जाणारा. बेघर म्हणजे केवळ फूटपाथवरचा असं तो मानत नाही. नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणारी, मोटेलमध्ये किंवा गाडीत झोपणारी मुलंही त्यात येतात. कागदपत्रं नसली तरी प्रवेश लगेच. वाद झाला तर तो मिटेपर्यंत मूल वर्गात बसणार. निवारा बदलला तरी जुन्या शाळेत राहण्याचा हक्क, आणि तिथे नेण्या-आणण्याची जबाबदारी शाळा-प्रशासनाची. प्रत्येक शालेय जिल्ह्यात या मुलांसाठी नेमून दिलेला एक अधिकारी. या कार्यक्रमाला केंद्राचा निधी अलीकडे वर्षाला सुमारे १३ कोटी डॉलर मिळतो आणि ओळख पटलेली मुलं तेरा लाखांहून अधिक असतात. म्हणजे दर मुलामागे शंभर डॉलरही नाहीत. हा कायदा मुख्यतः पैशावर चालत नाही, तो कर्तव्यावर चालतो.

आणि तो आपोआपही चालत नाही. १९९२ मध्ये शिकागोतल्या बेघर पालकांना शाळा-प्रशासनाविरुद्ध दावा लावावा लागला. न्यूयॉर्क शहरात गेली अनेक वर्षं सलग एक लाखाहून जास्त बेघर विद्यार्थी आहेत, आणि त्यांच्या गैरहजेरीचा प्रश्न तिथे सुटलेला नाही. अमेरिका नमुना म्हणून मिरवण्यासारखी नाही. घेण्यासारखी गोष्ट एवढीच की तिथे मूल शाळेत नसेल तर उत्तर देणाऱ्या माणसाचं नाव ठरलेलं आहे.

आपल्याकडे असा माणूस आहे का? २०१७ पासून महाराष्ट्रात बालरक्षक आहेत. स्थलांतर रोखणारे, पालावर जाऊन मुलं आणणारे हे शिक्षक आहेत, आणि त्यांतल्या काहींचं काम अचंबित करणारं आहे. पण बालरक्षक आपल्या वर्गाचा पूर्ण भार सांभाळून, बहुधा स्वतःच्या दुचाकीत स्वतःचं पेट्रोल घालून हे करतो. त्याला दुसऱ्या तालुक्यातल्या मुख्याध्यापकाला आदेश देण्याचा अधिकार नाही. त्याची बदली झाली की चळवळ त्याच्याबरोबर जाते. शासनाने एका भल्या माणसाच्या तळमळीला योजनेचं नाव दिलं आणि हात झटकले.

जुन्या शाळेत राहण्याचा हक्क तर आपल्या चर्चेतच नाही. आपला कायदा मुलाला शाळा बदलण्याचा हक्क देतो, न बदलण्याचा देत नाही. तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडून मुंबई महानगरपालिकेने कुटुंबं माहुलला पाठवली, तेव्हा तिथल्या प्रदूषणाची चर्चा योग्यच झाली, उच्च न्यायालयापर्यंत गेली. पण वर्षाच्या मधोमध शाळेपासून तोडलेल्या मुलांसाठी वार्षिक परीक्षेपर्यंत बेस्टचा पास तरी द्यावा, हा साधा विचार कोणत्याही पाडकामाच्या आदेशात लिहिलेला नसतो. तोडकामाला वेळापत्रक असतं. ते शाळेच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यायला खर्चही येत नाही.

शेवटचा आक्षेप शिक्षकांचा आहे, आणि तो सर्वांत वजनदार आहे. घर देणं, रोजगार देणं, पाळणाघर चालवणं ही शाळेची कामं नव्हेत. निवडणूक, जनगणना, खिचडीचा हिशेब, आता यांचीही आंघोळ? त्यांचा त्रागा खरा आहे. बेघरपणा शाळा मिटवू शकत नाही, आणि तशी अपेक्षा करणं शिक्षकांवर अन्याय आहे. पण शाळेच्या हाती जे आहे तेवढं तरी तिच्याकडून मागता येतं: मूल आलं की कागद न मागता बसवून घेणं, गेलं की त्याच दिवशी शिकण्याची नोंद त्याच्यामागे पाठवणं. शिक्षण हमी कार्ड नावाची चिठ्ठी त्यासाठीच निघाली. ती घेऊन मूल दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यावर तिला मान देण्यात तिथल्या शाळेचं काही हित असायला हवं, आणि आज ते नाही.

ते निर्माण करायला कायदा बदलावा लागत नाही. ३० सप्टेंबरच्या मोजणीला जोडून जानेवारीच्या मध्यावर दुसरी मोजणी घ्यावी, कारखाने आणि भट्ट्या धडधडत असताना. त्या दिवशी जे मूल ज्या शाळेत बसलं असेल ते तिथल्या पटावर धरावं, आधार असो वा नसो. त्या पटावर हंगामापुरता जादा शिक्षक द्यावा, आणि मूळ गावच्या शाळेचं पद केवळ दाखला दिला म्हणून त्या वर्षात कमी होणार नाही असं लिहून द्यावं. संच मान्यतेच्या शासन निर्णयात हे चार ओळींत मावतं. त्यानंतरही मुलं आली नाहीत, तर आईबापांच्या मोहाविषयी बोलायला सगळे मोकळे आहेत.